तिकिटावरील रमाबाई

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी झाली. त्यानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा चिटणीसबाईंनी प्रत्येक सभासदाने काही तरी लिहून द्यावे असा आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मी आपली खव्याच्या पोळीची कृती लिहून देते असे सांगून सुटका करून घेऊ पाहात होते. पण खव्याची पोळी आपल्या धाराशिवकडे कोणाला येत नाही? चिटणीसबाईंनी ती सबब काही चालू दिली नाही. एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा, पण कोणाच्या पुस्तकातील उतारे न घेता आपल्या शब्दांत लिहा, असे त्यांनी बजावले. म्हणून हे धाडस करीत आहे. काही चुकले तर भगिनींनी पदरात घ्यावे.

आता एवढ्या थोर स्त्रिया सोडून रमाबाई रानड्यांचेच चरित्र मी का घेतले, ते आधी सांगते. त्याचे कारण एक टपालाचे तिकीट.

आमच्या धाकट्या जाऊबाईंची मुलगी यंदा बारावीला आहे. ती मला मोठी आई म्हणते. तिला तिकिटे जमविण्याचा नाद आहे. पत्रे तर आता कोणी कोणाला फारशी लिहीत नाही, पण ही मुलगी पैसे साठवून परदेशी तिकिटांची पाकिटे मागविते आणि वहीत नीट लावून ठेवते. दिवाळीच्या सुट्टीत एके दुपारी मी भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसले होते. ती वही घेऊन शेजारी येऊन बसली. त्या वहीत एक सबंध पान बर्फावर खेळणाऱ्या बायकांचे होते. कोणी पायांना लांब फळ्या बांधून डोंगरावरून घसरत येते आहे, कोणी एका पायावर उभी राहून गिरकी घेते आहे. बूट असे की त्यांच्या तळाला पाते. बर्फ म्हणजे आपल्याला रसवंतीतला किंवा गोळ्यावरचा ठाऊक. त्याच्यावर उभे राहून बायका खेळतात आणि त्यांच्या देशाचे सरकार त्यांची तिकिटे काढते, याचे मला मोठे नवल वाटले.

पुतणीने मला त्यांतल्या एकीची हकीगत सांगितली. नॉर्वे देशाची सोन्या हेनी म्हणून एक मुलगी होऊन गेली. १९२४ साली फ्रान्स देशात शामोनी या गावी हिवाळी ऑलिंपिकचे पहिले सामने झाले. त्या सामन्यांत बायकांना बर्फावरच्या नाचासारखा एकच खेळ खुला होता, बाकी सारे खेळ पुरुषांचे. त्या खेळात ही सोन्या उतरली तेव्हा तिचे वय अवघे अकरा वर्षांचे होते. पहिल्या खेपेला ती सर्वांच्या शेवटी आली. पण पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन वेळा तिने सुवर्णपदके मिळविली आणि जगज्जेतेपद तर दहा वेळा. १९६९ साली ती वारली. तिच्या देशाने तिचे तिकीट काढले. आपल्या देशातून असल्या हिवाळी सामन्यांना गेलेली पहिली स्त्री म्हणजे शैलजा कुमार, ती १९८८ साली कॅनडात गेली होती, हेही मला पुतणीकडूनच कळले.

मी तिला विचारले की, आपल्या सरकारनेही बायकांची तिकिटे काढली असतीलच ना? तिने मागचे पान उघडले. त्यावर एक लहानसे तिकीट होते. आमच्या आजेसासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत जुनी पत्रे होती, त्यांतल्या एका पाकिटावरून तिने ते पाण्यात भिजवून सोडविले होते. त्यावर एका प्रौढ बाईंचे चित्र. खाली पंधरा नव्या पैशांची किंमत. त्या रमाबाई रानडे.

नाव ऐकून होते. हळदीकुंकवाला एखाद्या वक्त्याबाई आल्या म्हणजे सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे अशी नावे एका दमात घेतात आणि आपण पानसुपारीकडे डोळे लावून बसतो. पण त्या दिवशी अकरा वर्षांच्या सोन्याची गोष्ट ऐकल्यावर मला या बाईही अकराव्या वर्षी काय करीत होत्या ते जाणून घ्यावेसे वाटले. वाचनालयातून त्यांच्या आठवणींचे पुस्तक आणविले. दुपारची कामे उरकल्यावर रोज चार पाने, असे करीत हिवाळाभर वाचले. आणखीही दोन-तीन पुस्तके पाहिली. त्यावरून मला समजले ते येथे लिहिते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात येते. माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. घराणे खाऊन-पिऊन सुखी, इनामदारीचे. परंतु मुलींना शिकविण्याची चाल त्या घरात नव्हती, आणि त्या काळी बहुतेक कोणत्याच घरात नव्हती. मुलीच्या हाती पुस्तक आले तर तिच्या कुंकवाला धोका, अशी समजूत होती. तेव्हा अकरा वर्षांची यमुना झाली तरी तिला अ की ब ओळखता येत नव्हते.

इकडे पुण्यास न्यायखात्यात माधवराव रानडे हे मोठ्या हुद्द्यावर होते. विद्वान म्हणून त्यांची कीर्ती होती आणि विधवाविवाहाच्या चळवळीत ते पुढारी होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. वय बत्तिसाच्या घरात. आता हे गृहस्थ एखाद्या विधवेशी विवाह करून बोलल्याप्रमाणे चालून दाखवितील, असे लोकांस वाटत होते. वडिलांना तीच धास्ती होती. म्हणून त्यांनी घाईघाईने कुर्लेकरांची मुलगी पसंत केली. माधवरावांनी नको म्हणून पाहिले, पण वडील संबंध तोडावयास निघाले तेव्हा त्यांनी मान तुकविली. डिसेंबर १८७३ मध्ये लग्न झाले. त्या दिवशी त्यांच्या मनाला अतिशय यातना झाल्या. लोकांनीही पुढे जन्मभर त्यांना याबद्दल टोचले.

हे वाचताना माझ्या मनात आले की, यात नवऱ्याची कोंडी झाली हे खरे, पण त्या पोरीला कोणी विचारले होते? बापाने सासरी धाडताना तिला एवढीच शिकवण दिली की, सासरी माणसे पुष्कळ आहेत, कोणी काही बोलले तरी सोसावे, उलट उत्तर करू नये आणि नवऱ्याच्या कानावर चहाड्या घालू नयेत. ही शिकवण तिने गाठीला बांधून ठेवली. यमुनेची रमा झाली ती सासरी.

लग्नानंतर लगेच माधवरावांनी बायकोला लिहिता-वाचता येते का याची चौकशी केली, आणि येत नाही म्हणताच दुसऱ्या कोणावर न सोपविता स्वतःच पाटी-पेन्सिल घेऊन शिकवावयास बसले. मुळाक्षरे झाली, बाराखडी झाली, पुस्तके आली. पुढे शिकविण्यासाठी बाई ठेवल्या, इंग्रजीसाठी मडमबाई येऊ लागल्या. दिवसा घरकाम, रात्री अभ्यास. नवऱ्याची दृष्टी अधू होती, म्हणून वर्तमानपत्रे आणि पुस्तके त्यांना वाचून दाखविण्याचे कामही पुढे त्यांच्याकडेच आले.

मैत्रिणींनो, आता मी जे लिहिणार आहे ते मन लावून वाचा. रमाबाईंच्या शिक्षणाला खरा विरोध कोणाचा होता? पुण्याच्या शास्त्रीपंडितांचा होता, तो होताच. परंतु ते घराबाहेर. घरात त्यांच्या पाठीस जो सासुरवास लागला तो बायकांचा. सासूबाई, नणंद, नात्यातल्या इतर थोर बायका, मिळून मोठे खटले होते. यांचे वाचन त्यांच्या डोळ्यांत खुपे. मोठ्याने वाचले की टोमणे. नवऱ्याने शिकवावयास बोलावले तरी जाऊ नये, चार वेळा टाळले म्हणजे तोही नाद सोडील, असा उपदेश. मडमबाईंजवळ बसून आले की सोवळ्याओवळ्याचा प्रश्न, पुन्हा आंघोळ, मग स्वयंपाकघरात प्रवेश. कधी कधी सगळ्यांनी मिळून बोलणेच टाकावयाचे. रमाबाई रडत, पण वडिलांची शिकवण आठवून नवऱ्याला काही सांगत नसत. आणि पुस्तकही सोडीत नसत.

या बायका दुष्ट होत्या काय? मला तसे वाटत नाही. त्यांच्यांतल्या काही बालपणीच विधवा झालेल्या. जन्म सगळा चुलीपाशी गेला. आपल्याला जे मिळाले नाही ते या कालच्या पोरीला बसल्या जागी मिळते आहे, हे पाहून त्यांचे मन पोळत असेल. ते पोळणे त्यांना ओळखता आले नाही आणि त्यालाच त्यांनी घराण्याची अब्रू असे नाव दिले. हे मी कोणाच्या जिवावर लिहिते ते पुढे येईल.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. तेथे रमाबाईंचा स्वतंत्र संसार सुरू झाला. स्वयंपाकपाणी, हिशेब, येणारेजाणारे, सगळे त्यांनी अंगावर घेतले. तेथेच ओळखीच्या घरच्या बायकांना हळदीकुंकवाला जमवून सीता-सावित्रीच्या गोष्टी सांगावयाच्या, असा उपक्रम त्यांनी चालविला. आपण आज मंडळात जे करतो त्याचे मूळ असे फार मागे आहे. पुढे माधवरावांना शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधीच्या कायद्याखाली पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांत फिरतीचे काम आले. रमाबाई बरोबर असत आणि गावोगावच्या मुलींच्या शाळा पाहात. सोलापूर जिल्हा म्हणजे आपल्या वेशीलाच लागलेला. पण आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून रानड्यांच्या कोर्टाची गाडी आपल्याकडे वळली नाही. वळली असती तर, असे उगाच वाटून जाते.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. एका बाईने चारचौघांत उभे राहून शास्त्रांतले दाखले देत बोलावे, ही पुण्याला नवीच गोष्ट होती. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या. घरी पुन्हा रामायण. सभेहून आलेल्या सुनेने स्वयंपाकघरात शिवू नये येथपर्यंत मजल गेली. त्याच सुमारास पुण्यात मुलींसाठी इंग्रजी हायस्कूल काढावे म्हणून खटपट चालली होती. त्यासाठी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीत मानपत्र वाचावयाचे काम रमाबाईंवर आले. दहा वर्षांपूर्वी जिला मुळाक्षर येत नव्हते, तिने भर सभेत इंग्रजी वाचले. घरी आल्यावर मात्र कौतुक तर राहोच, कोणी सरळ बोलेना. पण १८८४ साली ते हायस्कूल निघाले. तीच पुण्याची हुजूरपागेची शाळा, आजही चालू आहे.

१८८६ साली सरकारी कामासाठी माधवरावांना कलकत्त्याला राहावे लागले. तेथे त्यांनी बंगाली शिकावयास घेतले. न्हावी हजामत करावयास आला की हे पुस्तक हाती धरून त्याच्याकडून उच्चार नीट करून घेत. रमाबाईंना प्रथम याचे हसू आले, एवढ्या मोठ्या माणसाने न्हाव्याला गुरू करावे म्हणून. पण मग त्याही बंगाली शिकल्या. ज्याच्याकडे विद्या आहे तो गुरू, मग तो कोणी का असेना, हा धडा त्यातून त्यांना मिळाला.

१८९३ साली माधवराव मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी बायकांची मंडळी जमवून शिवण, विणकाम, भाषा, आजारी माणसाची शुश्रूषा अशा वर्गांची सुरुवात केली. असे दिवस चालले असता १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाईंना एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्या काळच्या विधवेचे जिणे काय होते हे मी सांगावयास नको. रमाबाई पुण्यास आल्या आणि पहिला काही काळ घराबाहेर पडल्याच नाहीत. नवऱ्याने शिकविले, नवऱ्याने बाहेर काढले, नवऱ्याच्या आधारावर लोकांचे बोलणे सोसले. आता तो आधार गेला. अशी बाई देवघरात बसून उरलेले आयुष्य काढील, असेच कोणालाही वाटले असते. परंतु रमाबाईंच्या चरित्रातला मोठा भाग येथून पुढे सुरू होतो. अडतीस वर्षांत त्या घडल्या आणि पुढच्या तेवीस वर्षांत त्यांनी इतरांना घडविले.

प्रथम त्या तुरुंगातल्या बायकांकडे जाऊ लागल्या. येरवड्याच्या तुरुंगात कैदी स्त्रियांना भेटावयाचे, त्यांच्याशी बोलावयाचे, काही चांगले वाचून दाखवावयाचे. इस्पितळातही जात. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०८ साली मुंबईस बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी सेवासदन काढले आणि त्याचे अध्यक्षपद रमाबाईंना दिले. पुढच्याच साली, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदन निघाले. गोपाळ कृष्ण देवधर हे चिटणीस आणि रमाबाई अध्यक्षा. संस्थेचा आरंभ त्यांच्या राहत्या वाड्यातच झाला.

सेवासदनात काय होते? विधवा, टाकलेल्या, गरीब, लग्न झालेल्या, कोणत्याही बाईने यावे आणि आपल्या पायावर उभे राहण्यापुरते शिकावे. लिहिणे-वाचणे, शिवण, हातकाम, मास्तरीणबाई होण्याचे शिक्षण. आणि त्यांतच एक काम असे होते की ज्याला हात लावावयास कोणी तयार नव्हते, ते म्हणजे परिचारिकेचे, आपण ज्याला नर्सचे काम म्हणतो ते. परक्या माणसाच्या अंगाला हात लावावयाचा, मलमूत्र काढावयाचे, रात्रीची पाळी करावयाची. चांगल्या घरच्या बाईने हे करावे हे लोकांना सोसवेना. रमाबाईंनी सेवासदनातल्या मुली पुण्याच्या ससून इस्पितळात शिकावयास पाठविल्या. त्या मुलींची लोकांनी फार हेटाळणी केली. रमाबाईंना त्याचे अतोनात दुःख होई. परंतु त्यांनी मुली माघारी बोलाविल्या नाहीत. उलट आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत याच परिचारिका आणि स्वयंसेविका यात्रेकरूंच्या सेवेला नेल्या. ज्या लोकांनी नावे ठेविली त्यांच्याच आयाबहिणींच्या उपयोगी या मुली पडू लागल्या. असे होता होता लोकांची तोंडे मिटली.

भगिनींनो, येथे माझा हात थांबला होता. चार दिवस पुढे लिहिलेच नाही. कारण आता जे लिहावयाचे ते रमाबाईंचे नाही, माझे आहे.

माझे माहेर आताच्या लोहारा तालुक्यात. १९९३ साली मी सातवी पास होऊन आठवीत गेले होते. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले होते, तेव्हा भूकंप झाला. आमचे घर गेले, शाळा गेली. आईला मोठी दुखापत झाली. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दिवस काढले आणि मी थोरली म्हणून घरचे सगळे माझ्याकडे आले. शाळा पुन्हा उभी राहिली, पण माझे दप्तर पुन्हा उघडले नाही. अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरी आले. याबद्दल माझी कोणावर तक्रार नाही. देवाची करणी.

परंतु २००६ साली आमच्या धाकट्या जाऊबाई या घरात आल्या. त्या बारावी पास. त्यांना परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे होते. मामांनी अर्जही आणून दिला होता. दीर तयार होते. सासूबाई बिचाऱ्या अर्ध्या तयार होत्या, त्यांनी थोरली सून म्हणून मला विचारले. माझ्या एका होकाराने काम झाले असते. मी काय म्हटले असेल? आपल्या घराण्यातल्या सुना परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावीत नाहीत, आणि हिने बाहेर जावयाचे तर भाकऱ्या कोणी थापावयाच्या, असे मी म्हटले. तो अर्ज कितीतरी दिवस फडताळात पडून होता. मग त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेविली गेली. जाऊबाई एक शब्द बोलल्या नाहीत. नवऱ्याकडेही त्यांनी चहाडी केली नाही.

भूकंपाने माझी शाळा बुडविली, त्यात कोणाचा दोष नव्हता. पण जाऊबाईंची शाळा मी बुडविली. रानड्यांच्या घरातल्या त्या बायकांचे वागणे वाचताना मला त्यांचा राग येत होता, आणि मग एकाएकी त्यांच्यांत मला माझाच चेहरा दिसला. त्यांच्या जिवाच्या पोळण्याविषयी मी वर जे लिहिले ते अनुभवाचे आहे. करोनाच्या साथीत सासूबाई इस्पितळात होत्या. आम्हांला कोणाला आत जाऊ देत नव्हते. तेव्हा कोणा घरची लेक तोंडाला पट्टी बांधून त्यांना पाणी पाजीत होती, कूस बदलून देत होती. सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. त्या मुलीचे नावही मला ठाऊक नाही. तिच्या घरी माझ्यासारखी जाऊ असती तर ती तेथे उभी राहिली नसती.

असो. राहिलेले चरित्र पुरे करते. १९१० साली रमाबाईंनी नवऱ्याच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतले ते एक नावाजलेले पुस्तक आहे. गंमत अशी की, एवढी सुधारलेली बाई, पण पुस्तकभर नवऱ्याचे नाव घेत नाही, त्यांचा उल्लेख स्वतः असा करते. आपल्या आयाआज्याही नावे घेत नसत. त्यामुळे वाचताना ती आपल्याच घरातली बाई वाटते. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत शिक्षण सक्तीचे करावयाचे ठरत होते, पण ते मुलांपुरतेच. मुलींनाही ते मिळाले पाहिजे म्हणून रमाबाई बायकांना घेऊन पुढे झाल्या. बायकांना मताचा अधिकार मिळावा यासाठीही त्यांनी पुण्यात चळवळ चालविली. १९२१ साली मुंबईच्या कायदेमंडळाने तो ठराव मान्य केला. आज आपण बोटाला शाई लावून येतो, तेव्हा ती शाई किती जणींच्या कष्टाची आहे हे ध्यानात ठेवावे. १९२४ साली रमाबाई पुण्यास वारल्या. बासष्ट वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले.

याच १९२४ सालच्या आरंभी शामोनीच्या बर्फावर ती अकरा वर्षांची सोन्या उतरली होती. आपल्या रमाबाई अकरा वर्षांच्या असताना बोहल्यावर उभ्या होत्या. दोघींची तुलना करावयाची नाही. तिच्याकडे बर्फ होता, वडील शिकवणी लावणारे होते. आपल्याकडे बर्फ नाही, पण पाय घसरविणाऱ्या जागा आपल्या घरातच पुष्कळ असतात. त्यांवर तोल सांभाळून उभे राहणे सोपे नाही, आणि रमाबाई वर्षानुवर्षे तशा उभ्या राहिल्या.

त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली म्हणून १५ ऑगस्ट १९६२ रोजी भारत सरकारने त्यांचे तिकीट काढले. त्यापूर्वी १९५२ साली संत मीराबाईंचे आणि १९५७ साली झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे तिकीट निघाले होते. एक संत, एक राणी. रमाबाई यांपैकी कोणीच नव्हत्या. त्यांनी अभंग रचले नाहीत, तलवार धरली नाही. त्या शिकल्या आणि त्यांनी शिकविले, एवढेच. पुढे १९८९ साली पंडिता रमाबाईंचे, १९९६ साली अहिल्याबाईंचे आणि १९९८ साली सावित्रीबाईंचे तिकीट आले. अहिल्याबाईंचे चौंडी तर आपल्याला किती जवळचे! रमाबाईंचे तिकीट पंधरा नव्या पैशांचे होते, आणि तेव्हा साध्या पाकिटाला तेवढेच पैसे लागत. म्हणजे सुनेची खुशाली, बाळंतपणाची बातमी, लग्नाचे आमंत्रण, असल्या घरगुती पत्रांवर बसून ही बाई गावोगावी गेली. आमच्या आजेसासऱ्यांच्या घरीही आली आणि इतकी वर्षे पेटीत वाट पाहात राहिली.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो प्रथम जाऊबाईंना वाचून दाखविला. छापावयास देऊ की नको हे त्यांनीच ठरवावे असे मी सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग उठून त्यांनी चहा टाकला आणि जाताजाता द्या म्हणाल्या. क्षमा मागावयाचे माझे धैर्य तेवढ्यावरच संपले, म्हणून ती येथे सर्वांसमक्ष मागते. त्यांचे प्रवेशाचे वय आता गेले. ते मी परत देऊ शकत नाही.

पण तिकिटांची वही बाळगणारी त्यांची लेक, तिनेही आईसारखाच परिचारिका होण्याचा हट्ट धरला आहे. घरात पुन्हा कुजबूज सुरू झाली तेव्हा या खेपेला थोरली म्हणून मी बोलले. बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या चौकशीसाठी तिला घेऊन मीच सोलापूरला जाणार आहे. जाऊबाईही बरोबर येतो म्हणतात. त्या दिवशी घरी भाकऱ्या कोणी थापावयाच्या, हे अजून ठरलेले नाही.